पूर ओसरला, ग्रुप ओसरेना

पत्र सांगलीहून आलंय. लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आतल्या, घरचं मेडिकलचं दुकान सांभाळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात पाणी शिरलं तेव्हा त्या विश्रामबागेत नणंदेकडे राहायला गेल्या आणि तिथून त्यांनी फेसबुकवर एक ग्रुप काढला. आयर्विन पुलाजवळ पाणी किती, कुठला रस्ता बंद, बोट कुठे हवी, दूध कुठे मिळतंय, एवढंच त्यात असायचं. आज त्यात ३८ हजार माणसं आहेत. पुराचं बोलणं पावसाळ्यातले दोन महिने. बाकी वर्षभर राजकारण, जातीवरून टोमणे, प्लॉटच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी मुलीच्या फोटोखाली घाणेरड्या कमेंटी.

गणपतीनंतर एकाने भिक्षा मागणाऱ्या तिघांचा व्हिडिओ ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून टाकला. ताई दुकानात होत्या. त्यांनी तो तीन तासांनी पाहिला आणि काढला. तोवर दोनशेच्या वर लोकांनी तो पुढे पाठवला होता आणि एका गावात त्या तिघांना कोंडून ठेवलं होतं. पोलीस वेळेवर पोचले म्हणून निभावलं. व्हिडिओ टाकणाऱ्याला ग्रुपमधून काढलं, तर त्याने ताईंचा फोटो लावून त्यांच्याच नावाने खोटं खातं उघडलं. यजमान म्हणतात, “कुणी सांगितल्यात नसत्या उठाठेवी? बंद कर ते.” आणि आता निवडणुकीची कामं घेणारा एकजण ६० हजार रुपये देऊन ग्रुप ताब्यात घ्यायला तयार आहे.

ताईंचे प्रश्न: बंद करू, विकू, की चालवत राहू? पोलिसांनी मलाच धरलं तर? आणि लोक इतके बिघडले कसे? ता. क. मध्ये एक बारका प्रश्न आहे. एक आजोबा रोज सकाळी पाण्याची पातळी टाकतात, अगदी उन्हाळ्यात नदीतले दगड उघडे पडलेले असतात तेव्हासुद्धा. लोक खाली हसण्याच्या इमोज्या टाकतात. त्यांना थांबायला सांगू का?

(ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

ताई, नमस्कार.

खोट्या खात्याचं आधी बघू, बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. त्या खात्याचे स्क्रीनशॉट काढा. त्यात खात्याची लिंक आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. मग फेसबुकवर, कुणीतरी माझं सोंग घेतलंय, असा रिपोर्ट करा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी अशी तक्रार खुद्द त्या माणसाकडून आली की २४ तासांच्या आत कारवाई करायचं बंधन कंपन्यांवर घातलं. बटण दाबून काम झालं नाही तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं कंपनीला भाग आहे. त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा आणि छापील प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. तोंडी सांगितलेलं ‘बघू’मध्ये जातं, कागदाला पोच मिळते. जाताना यजमानांना बरोबर घ्या. त्यांचा विरोध ग्रुपला असेल, पण बायकोच्या नावाने कुणी खातं काढलंय याचा राग त्यांनाही आला असणारच.

आता तुमच्या पत्राकडे. ‘तीन तास’ हे शब्द तुम्ही पाच वेळा लिहिलेत. मी मोजले. आपण लवकर बघितलं असतं तर हे झालं नसतं, असं तुम्ही धरून चालला आहात. इथेच मला शंका आहे.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं याच अफवेपायी जमावाने मारली. मंगळवेढ्याकडून पोटासाठी गेलेली माणसं होती ती. देशभर अशा घटना घडत होत्या, गदारोळ झाला आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. २०२० च्या एप्रिलमध्ये फार फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून मारहाण झालीच. अब्जावधींची कंपनी, तिचे इंजिनिअर, तिची यंत्रं यांना जे आवरलं नाही, ते गल्ल्यावर बसून, एका हाताने औषधं देत, दुसऱ्या हाताने तुम्ही आवरणार होता? उद्या तुम्ही तीन तासांचे तीस मिनिटं केलेत तरी व्हिडिओ निघालेलाच असेल.

म्हणून तुमची चूक काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. उशिरा बघणं ही चूक नव्हती. कुणीही यावं, काहीही टाकावं आणि ते टाकल्याक्षणी ३८ हजारांना दिसावं, असं दार तुम्ही सताड उघडं ठेवलं होतं. पुरात ते बरोबर होतं, कारण तेव्हा मिनिटाला किंमत होती. पाणी उतरल्यावर दार लोटून घ्यायचं राहून गेलं.

मी पूर्वी साताऱ्यात एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान बघायचो. एकदा एका डॉक्टरविरुद्ध पत्र आलं. तपशीलवार, तारीखवार, अक्षरही सुरेख. खाली नाव आणि पत्ता. छापायला घेतलं होतं, पण वरिष्ठ म्हणाले, पत्त्यावर जाऊन ये. सायकल काढली आणि गेलो. त्या पेठेत तो घरनंबरच नव्हता. पत्र टोपलीत गेलं. तेव्हा मला ते काम फार हलकं वाटायचं. आमच्या सोबतचे मोर्चे कव्हर करायचे आणि मी पत्ते शोधत फिरायचो. पण पेपरच्या शेवटच्या पानावर तळाला संपादकाचं नाव छापलेलं असतं. आत काही भलतं गेलं तर कोर्टाचं समन्स त्या नावावर येतं. त्या एका ओळीच्या धाकाने माझ्यासारखे पोरगे उन्हात सायकली मारायचे.

फेसबुकच्या तळाला अशी ओळ नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ७९ वं कलम या कंपन्यांना, लोक जे टाकतात त्याच्या जबाबदारीतून बरंचसं संरक्षण देतं. ते काढून टाका असं मी म्हणत नाही. ते नसतं तर कंपन्यांनी धोका नको म्हणून निम्मं बोलणं आधीच पुसून टाकलं असतं, त्यात तुमची पाण्याची पातळीही गेली असती. पण परिणाम असा, की वर कंपनी सुरक्षित, खाली टाकणारा खोट्या नावाआड, आणि मधे खऱ्या नावाने, खऱ्या फोटोनिशी उभ्या तुम्ही. शिव्या तुम्हाला, पगार मात्र नाही.

पोलिसांनी धरलं तर, हा तुमचा प्रश्न. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण आलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये एका सदस्याने एका बाईंबद्दल घाणेरडं लिहिलं आणि ॲडमिनने त्याला काढलं नाही. न्यायालयाने सांगितलं, नुसतं ॲडमिन असणं किंवा सदस्याला न काढणं एवढ्यावरून त्याच्या गुन्ह्यात ॲडमिनला ओढता येत नाही. दोघांचा मिळून काही बेत होता असं दिसावं लागतं. हा मोठा दिलासा आहे. पण प्रकरण व्हॉट्सॲपचं होतं, आणि दिलासा म्हणजे चिलखत नव्हे. पोलिसांची नोटीस, फोन, चौकीवर बोलावणं हे होऊ शकतं. ओळखीच्या वकिलांकडे एक तास बसा, तुमच्या ग्रुपची रचना त्यांना दाखवा. आणि पुन्हा तसा व्हिडिओ दिसला तर आधी ११२ ला फोन, मग स्क्रीनशॉट, मग डिलीट. हा क्रम फ्रिजवर चिकटवून ठेवा. घाबरलेला माणूस आधी पुसतो, आणि पुसल्यावर पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही.

लोक बिघडले कसे? ताई, हीच माणसं सकाळी तुमच्या दुकानात रांगेत उभी राहून “वहिनी, सुट्टे नाहीत, उद्या देतो” म्हणतात ना? तिथे कुणी तुम्हाला जात विचारत नाही. मग फोनवर काय होतं? थोडं तरी उत्तर कंपनीच्याच कागदांत आहे. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यांतून कळलं, की २०१७ पासून काही काळ, कुठली पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना रागाच्या चेहऱ्याला साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. पुढे ते घटवत घटवत शून्यावर आणलं. पण तुमचा ग्रुप नेमका याच वर्षांत वाढला. ‘हरभट रोड खुला झाला’ या पोस्टवर कुणाला राग येईल? कुणालाच नाही, म्हणून ती खाली. ‘अमक्या जातीच्या लोकांना धान्याची पाकिटं आधी मिळाली’ यावर शंभर लाल चेहरे, म्हणून ती वर. लोक होते तेच आहेत. भांडणाला माइक कुणी दिला ते बघा.

शिवाय यंत्राला आपली भाषा कितपत कळते? “ये स्टँडवर, तुला बघतो” याचा अर्थ सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. यंत्राला वाटेल, पाहुण्याला घ्यायला निघालाय.

आता ३८ हजारांकडे या. पत्रात हा आकडा तुम्ही अभिमानाने लिहिलाय आणि पुढच्याच वाक्यात त्याच्याखाली चिरडून गेलाय. एवढी माणसं हवीतच, असं कुणी ठरवलं? २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती. तुमच्या ग्रुपमधले किती जण खरोखर बुडणाऱ्या भागात राहतात? किती पुण्या-मुंबईचे आहेत, आईवडील सांगलीत म्हणून आलेले? ते हवेत. आणि प्लॉट विकायला आलेले किती? मोठा ग्रुप म्हणजे चांगला ग्रुप ही समजूत कंपनीच्या सोयीची आहे, कारण तिला जाहिरात दाखवायला डोळे लागतात. तुम्हाला काय लागतं? मारुती चौकात पाणी आलं का, हे सांगणारी खात्रीची पंधरा माणसं आणि ते ऐकणारी काही हजार.

म्हणून तुमच्या तिन्ही पर्यायांच्या बाहेरचा एक सांगतो. ग्रुप हंगामी करा. जून ते ऑक्टोबर चालू, बाकी काळ थांबवलेला. फेसबुकवर ग्रुप ‘पॉज’ करण्याची सोय आहे. जुनं सगळं दिसतं, सदस्यांना नवं काही टाकता येत नाही. पुराच्या बोटी वर्षभर कुणी नदीत ठेवतं का? उन्हाळ्यात वर काढतात, डागडुजी करतात, पावसाळ्याआधी उतरवतात. पॉज करण्याआधी आठ दिवस सूचना लावा आणि कारण दोन ओळीत सांगा. आरडाओरडा होईल. भांडणारे दुसरा कट्टा शोधतील, त्यांना कट्ट्यांची कमी नाही.

हंगामात दार कसं ठेवायचं, ते तुम्हीच २०१९ मध्ये दाखवून दिलंय. तुमच्या जुन्या पोस्टी आठवा. सकाळचे सात, आयर्विन पूल, इतके फूट इतके इंच, स्वतः पाहिलं. चाळीस फूट इशारा पातळी आणि पंचेचाळीस धोका पातळी हे तेव्हा लहान पोरांना पाठ झालं होतं, आणि पाणी सत्तावन्नच्या वर गेलं त्या दिवसांतही लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवला तो त्या चार तुकड्यांमुळे. तोच नियम सगळ्यांना लावा: कधी, कुठे, किती, कुणी पाहिलं. यातलं एक जरी नसेल तर पोस्ट मंजूर नाही. ‘कोयनेतून प्रचंड पाणी सोडलं, शेअर करा’ यात चारांपैकी एकही नाही. त्या तिघांच्या व्हिडिओतही नव्हतं. पोस्ट मंजुरीची सोय चालू करा, काही शब्द आले की आपोआप अडवायची सोयही आहे.

मंजुरी तुम्ही एकट्या करू नका. पाच-सहा माणसं घ्या, आणि ती एकाच गल्लीतली, एकाच पार्टीतली, एकाच जातीतली नकोत. एखादा दत्तनगरचा, एखादी मिरजेची, हरिपूरचा कुणी, एखादा बोटवाला, एखादी शिक्षिका. दिवस वाटून घ्या. रात्री दहानंतर मंजुरी बंद. पाणी चढत असेल तेवढे दिवस सोडून. तुमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात, तेव्हा डोअरकीपर तुम्हाला समजावायला नको. हातात बॅटरी, तोंडाने गप्प, उशिरा आलेल्याला खुर्ची दाखवायची, दंगा करणाऱ्याला खांद्यावर हात ठेवून बाहेर न्यायचं. तो नाटकावर वाद घालत नाही. तुम्ही घालता, रात्री दीड वाजेपर्यंत, असं पत्रातच लिहिलंय. काढलेल्याला एक ओळ पाठवा: अमुक पोस्ट, अमुक नियम. दुसरी ओळ नाही.

तो म्हणेल, अभिव्यक्ती स्वातंत्र्य! म्हणू दे. घटनेतलं ते स्वातंत्र्य मुळात सरकारने तोंड दाबू नये म्हणून आहे. तुम्ही सरकार नाही. त्याला स्वतःची भिंत आहे, तिथे हवं ते लिहावं आणि त्याचं जे होईल ते निस्तरावं.

साठ हजारांबद्दल थोडक्यात. फेसबुकच्या नियमांत ग्रुपची खरेदी-विक्री बसत नाही, हे एक. दुसरं, तो माणूस नेमकं काय विकत घेतोय? आत येताना तुम्ही प्रत्येकाला विचारता, ‘कोणत्या भागात राहता, २०१९ ला पाणी आलं होतं का?’ म्हणजे कुठल्या वॉर्डात कोण, कुणाचं काय बुडालं, ही यादी. लोकांनी ती पुराच्या भीतीने, तुमच्याकडे बघून दिली. उद्या ग्रुपचं नाव बदलून कुणा दादांचं प्रतिष्ठान होईल, आणि पुढच्या पुरात लोक पाण्याची पातळी शोधायला येतील तेव्हा त्यांना वाढदिवसाचा बॅनर दिसेल. पैशांची गरज असेल तर ती वेगळी बोलू, त्यात लाज नाही. पण हे विकू नका.

रागाच्या भरात एकट्या बाहेरही पडू नका. ॲडमिन नसलेला मोठा ग्रुप म्हणजे बेवारस मोटार, कुणीही किल्ली लावतं. व्हॉट्सॲप ग्रुप चालवणाऱ्या इतर वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. तिथे एकुलता ॲडमिन निघून गेला की सदस्यांपैकी कुणीतरी एकजण आपोआप ॲडमिन होतो, आणि तो कोण हे तुमच्या हातात नसतं. सोसायटीचा ग्रुप असो, भिशीचा असो की माजी विद्यार्थ्यांचा, निघण्याआधी दोघा भरवशाच्यांना ॲडमिन करून मगच निघा. आणि नुसत्या सूचनाच द्यायच्या असतील तर ‘फक्त ॲडमिन लिहू शकतात’ हे चालू करा. गुड मॉर्निंगची फुलं गेली म्हणून सोसायटीची टाकी कोरडी पडत नाही.

आणखी एक. २०१९ च्या त्या दिवसांतल्या पोस्टी उतरवून घ्या. वहीत लिहा, कुणा मुलाकडून एक्सेलमध्ये भरून घ्या, कसंही. जागा दुसऱ्याची आहे, मांडव आपला असला तरी. ऑर्कुटवर आपल्या लोकांच्या केवढ्या गप्पा होत्या. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं आणि काही वर्षांत सगळं गेलं. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या गल्लीत किती पाणी होतं याची तुमच्यासारखी नोंद गल्लीपातळीवर आणखी कुणाकडे असेल? पुढच्या वेळी घर कधी सोडायचं हे त्यावरून ठरू शकतं.

आता ता. क. तुम्ही विचारलंय, त्या आजोबांना थांबायला सांगू का. त्यांची पोस्ट तुम्ही पत्रात उतरवून पाठवलीत: वेळ, ठिकाण, फूट-इंच, ‘स्वतः पाहिले’. ३८ हजारांत तुमचा नियम आजही पाळणारा हा एकच माणूस दिसतो. मंजुरीच्या त्या पाच-सहांत त्यांचं नाव पहिलं घाला. फोनवर नको, घरी जाऊन विचारा. नाही म्हणाले, तर ग्रुप बंद असेल त्या महिन्यांतही त्यांची रोजची पातळी तुमच्या हाताने टाकत जा.